छताखालची नदी: बंदिस्त प्रवाहाकडे फ्लाय फिशिंगवाले येतील का?

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका रिकाम्या शेडपासून सुरू झालं. लांबी ६६ मीटर, रुंदी २० मीटर, छताच्या कैच्या जमिनीपासून साडेपाच मीटरवर. शेडच्या मालकाने, त्याला इथे प्रवर्तक म्हणू, एका भागात आधीच चढाईची कृत्रिम भिंत उभी केली होती आणि ती चांगली चालत होती. त्याचं गणित सरळ होतं. कड्यावर चढणाऱ्यांना भिंत चालते, बर्फावर घसरणाऱ्यांना दुबईतल्या मॉलमध्ये २००५ पासून छताखाली बर्फ मिळतो, तर माशीने गरवणाऱ्यांना छताखाली नदी का चालू नये? तो स्वतः गरवणारा नव्हता. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून आलं, पण ते त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

चौघांचा गट होता. प्रवर्तक, कास्टिंग म्हणजे दोरीची फेक शिकवणाऱ्या एक अनुभवी बाई, ट्राउट माशांची पैदास करणारे एक गृहस्थ आणि मी. माझ्याकडे पाणी होतं: पंप, उतार, गाळणी, तापमान. ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले आहेत.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. साध्या गरवण्यात गळाला वजन बांधतात आणि ते वजन दोरीला ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं असतं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेली किड्याची नक्कल. तिला वजन जवळजवळ नसतंच, वजन असतं दोरीला. पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट साधारण नऊ ग्रॅम भरतात. हे नऊ ग्रॅम हवेत आधी मागे उलगडायचे, मग पुढे सोडायचे. म्हणजे दहा मीटर पुढे फेकायचं तर आधी दहा मीटर मागे मोकळी जागा हवी. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं, आणि तरीही पहिला नकाशा चुकलाच.

प्रश्न

प्रवर्तकाचा प्रश्न होता, "लोक येतील का?" आम्ही तो जसाच्या तसा लोकांना विचारला. गरवणाऱ्यांच्या बैठकांना गेलो, ओळखीपाळखीतून माणसं गाठली. उत्तरं दोन टोकांची आली. नवखे म्हणाले, नक्की येऊ. मुरलेले हसले. त्यांतले एक आजोबा तर तोंडावरच म्हणाले, "बादलीत मासे सोडून वर गळ धरायचा, त्याला नदी कशाला म्हणता?" पुढे आमच्यात त्यांचं नावच 'बादलीवाले आजोबा' पडलं. त्यांच्याकडे पुन्हा येईन.

प्रवर्तकाने या आक्षेपाला उत्तर तयार केलं, आणि उत्तर म्हणून ते बिनतोड होतं. तुम्ही ज्याला अस्सल म्हणता ते तरी किती अस्सल आहे? दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट आणि इचेन या चुनखडीच्या नद्या म्हणजे या छंदाचं माहेरघर; तिथं शतकानुशतकं पाट काढले गेले, पाणवनस्पती आजही ठरलेल्या दिवसांत कापल्या जातात आणि मासेही सोडले जातात. अमेरिकेत सान हुआन नदीचा नावाजलेला ट्राउटचा पट्टा नवाहो धरणाच्या खाली आहे. धरणाच्या तळातून गार पाणी सुटतं म्हणून तिथं ट्राउट तगतात. टास्मानियात ब्राउन ट्राउट नव्हतेच. १८६४ साली नॉरफोक नावाच्या जहाजातून शेवाळात आणि बर्फात गुंडाळलेली अंडी तिथं पोचली. तेव्हा माणसाचा हात कुठं नाही?

युक्तिवाद ऐकून माणसं मान डोलवायची. पण वादात हरलेला माणूस गिऱ्हाईक होत नाही, हे प्रवर्तकाला कळायला वेळ लागला. आक्षेप कृत्रिमपणावर नव्हताच. बाईंनी तो नेमका पकडला: "यांना भीती ही आहे की तिथं मासा मिळणारच. ज्या पाण्यात रिकाम्या हाताने परतायची शक्यता नाही, तिथं हे कशाला येतील?"

पाण्याचं गणित

सगळ्यांना वाटत होतं की खर्च पंपात जाईल. तसं झालं नाही. तीन मीटर रुंद, सरासरी चाळीस सेंटिमीटर खोल आणि सेकंदाला अर्धा मीटर वेग धरला तर सेकंदाला ६०० लिटर पाणी लागतं. आकडा ऐकून प्रवर्तक हादरला. पण हे पाणी उंच चढवायचं नसतं. खडबडीत तळ धरूनही साठ मीटरला उतार लागतो फक्त आठ-नऊ सेंटिमीटरचा. परतीच्या वाटेतलं नुकसान, वळणं, जाळ्या धरून अर्धा मीटर उचल पकडली तरी काम पाचेक किलोवॅटमध्ये भागतं. कमी उचल आणि भरपूर पाणी असलं की पंख्यासारखा अक्षीय पंप लावायचा. चढाईच्या भिंतीकडची हवा खेळती ठेवायलाही असंच काहीसं लागत होतं.

खरी डोकेदुखी होती गारवा. ट्राउट हा गार पाण्याचा मासा. बारा ते सोळा अंशांत खूश, विसाच्या वर कासावीस. पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो: दहा अंशांना लिटरमागे ११.३ मिलिग्रॅम, वीस अंशांना ९.१. म्हणजे माशाची गरज वाढते नेमकी तेव्हाच पुरवठा आटतो. आणि पंपाचे ते पाच किलोवॅट कुठं जातात? शेवटी पाण्यातच, उष्णता होऊन. परतीच्या टाकीसकट दीडशे घनमीटर पाणी धरलं तर एकटा पंप दिवसाला पाऊण अंश तापमान वाढवतो. छत, दिवे आणि बाहेरची हवा वेगळी. चिलर चोवीस तास चालणार हे ठरलंच.

त्यात माशांची घाण. मासे अमोनिया सोडतात, आणि गाळणीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पण हे जिवाणू विकत आणून ओतले की लागले कामाला, असं होत नाही. गार पाण्यात ते फार सावकाश वाढतात. पैदासवाल्यांनी दोन महिने मागितले, प्रवर्तकाने एक देऊ केला. तिथं मी पैदासवाल्यांच्या बाजूने उभा राहिलो. या प्रकरणात माझ्याकडून वेळेवर झालेलं हे बहुधा एकमेव काम.

नकाशात नदी शेडच्या मधोमध होती, दोन्ही काठांवर मिळून बारा जागा. बाई नकाशा घेऊन रिकाम्या शेडमध्ये गेल्या, खडूने आखलेल्या काठावर उभ्या राहिल्या आणि आडवी फेक करून दाखवली. मागे भिंत साडेआठ मीटरवर. दोरी भिंतीला लागून खाली पडली. दुसरी फेक जरा उंच मारली, तर फ्लाय छताच्या कैचीत अडकली. नऊ फुटांची काठी हात वर करून धरली की टोक साडेचार मीटरवर जातं आणि दोरीचा फास त्याच्याही वर उलगडतो. ती फ्लाय काढायला शिडी आणावी लागली. शिडीवर चढलेल्या प्रवर्तकाने वरूनच विचारलं, "म्हणजे बारा नाहीत?"

बारा नाहीत, चार. नदी एका भिंतीला चिकटवली, दुसऱ्या बाजूला पंधरा-सोळा मीटर मोकळे सोडले, आणि फेकणाऱ्याच्या मागून कुणी चालणार नाही अशी जाळीची वाट केली. अणकुचीदार गळ माणसांच्या डोक्यांमागून ताशी कितीतरी वेगाने फिरत असतो, तिथं दाटीवाटी चालत नाही. माझ्या मते या प्रकल्पाचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. चढाईच्या भिंतीवर तेवढ्या जागेत चाळीस माणसं मावतात, नदीवर चार.

समोर असलेले पर्याय

कागदावर चार पर्याय होते. पहिला, वाहती नदी, त्यात ट्राउट, पकडा आणि सोडा. दुसरा, प्रवाह नसलेलं तळं आणि त्यात मासे. हा स्वस्त होता, पण आजोबांची बादली ती हीच, म्हणून तो पहिल्या बैठकीतच बाद झाला. चौथा, पडदा आणि सेन्सर लावून नदीचा खेळ. गोल्फला तो जमला आहे. पण इथं दोरीचं पाण्याशी जे घर्षण होतं तेच तर कसब आहे, आणि पडद्याला पाणी नसतं. रोल कास्टमध्ये दोरी मागे न नेता पुढे पाण्यावर पडलेल्या दोरीच्या ओढीवर फेक करतात. फरशीवर ती होतच नाही.

तिसरा पर्याय होता बिनमाशांची नदी. बाई पहिल्यापासून तो मांडत होत्या. त्यांचा दाखला होता सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या फेकीच्या सरावाच्या हौदांचा. ते १९३८ चे आहेत, काँक्रीटचे, त्यांत मासे नाहीत, आणि तरीही पिढ्यान् पिढ्या माणसं तिथं येऊन फेक घोटतात. प्रवर्तकाचं म्हणणं, "बिनमाशांच्या नदीला तिकीट कोण काढेल?" आणि त्या क्षणी बाई सोडून आम्हा तिघांनाही ते पटलं. पहिला पर्याय मंजूर झाला.

काय केलं

गाळणी तयार झाल्यावर चाळीस रेनबो ट्राउट सोडले. तळाला गोटे, मध्ये पोकळ फायबरचे मोठे दगड. ते पाण्याने भरले की बसतात आणि रिकामे केले की दोघांनी उचलता येतात. खालच्या टोकाला मी भिंतीत एक काच बसवून घेतली, दीड मीटर लांब. ती माझ्यासाठी होती: तळाशी गाळ कुठं साचतो आणि प्रवाह कुठं फुटतो ते बघायला. खर्चाच्या यादीत तिच्यावर दोनदा काट मारली गेली होती.

पहिला आठवडा झकास गेला. गळ बार्बलेस, म्हणजे उलटा दात नसलेले. नवख्यांना मासे लागले, फोटो निघाले. दुसऱ्या आठवड्यात मासे थंडावले आणि तिसऱ्यात जवळजवळ थांबले. मासे भुकेले नव्हते असं नाही. चारा टाकला की तुटून पडायचे. फ्लाय मात्र वरून गेली की अंग चोरून बाजूला व्हायचे. पैदासवाल्यांना याचं नवल वाटलं नाही. नेदरलँड्सच्या तळ्यांत ब्यूकेमा यांनी कार्प माशांवर प्रयोग केले होते, १९७० साली ते प्रसिद्ध झाले: एकदा गळाला लागलेला मासा त्या एकाच अनुभवाने पुढे गळ टाळायला शिकतो. नदीत शिकलेला मासा निघून जातो, नवा येतो. आमच्या नदीला वरचं टोक आणि खालचं टोक एकच होतं.

मग कुणीतरी चाऱ्याच्या गोळीच्या रंगाची आणि आकाराची तपकिरी फ्लाय बांधून आणली, आणि मासे पुन्हा लागले. नवखे खूश झाले. मुरलेले जे चार-पाच जण उत्सुकतेपोटी येत होते, ते त्या संध्याकाळी काठ्या आवरून गेले. भांडण नाही, तक्रार नाही. मला वाटतं प्रकल्पातला सगळ्यात स्पष्ट निकाल हाच होता, आणि तो कुठल्याही नोंदवहीत गेला नाही.

पुढच्या शनिवार-रविवारी दोन मासे मेले. दोन्ही वेळा कारण सारखंच होतं: थकलेला मासा हातात धरून फोटोसाठी लावलेला वेळ. यावर एक जुना आणि कडक प्रयोग आहे. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउट दमवून बघितले. नुसते दमवलेले १२ टक्के मेले, दमवून तीस सेकंद हवेत ठेवलेले ३८ टक्के, साठ सेकंद ठेवलेले ७२ टक्के. प्रयोगशाळेतली परिस्थिती नदीपेक्षा कठोर, हे मान्य. पण आमची नदी प्रयोगशाळेच्या जवळची होती. तेच मासे पुन्हा पुन्हा दमणार, पळून विसावा घ्यायला खोल डोह नाही.

निर्णयाचा क्षण

सोमवारी बैठक बसली. पैदासवाले एरवी कमी बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "मासे माझे होते तोवर मी त्यांना कापायलाच वाढवत होतो, मला त्यात काही वाटत नाही. पण हे रोजचं दमवणं मी बघणार नाही. गळ बंद करा, नाहीतर मी जातो."

प्रवर्तकापुढे तीन वाटा होत्या: दर काही आठवड्यांनी नवे मासे आणायचे, माशांची संख्या वाढवायची, किंवा गळ काढायचा. पहिल्या वाटेवर एक धोंड होती आणि ती आमच्यापैकी कुणी आधी पाहिली नव्हती. शिकलेले, थकलेले मासे जाणार कुठं? खुल्या नदीत सोडता येत नाहीत. बंदिस्त पाण्यात एकाचा रोग सगळ्यांना लागतो, आणि पैदाशीतले मासे रानटी माशांत मिसळू नयेत हा साधा शिरस्ता आहे. पैदास केंद्रही बाहेर जाऊन आलेला मासा परत आत घेत नाही, त्याच कारणाने. म्हणजे मासे आत आणायची वाट होती, बाहेर न्यायची नव्हती. अशा व्यवस्थेला माझ्या धंद्यात अर्धी पाइपलाइन म्हणतात.

गळ निघाला. उरलेले मासे वरच्या वीस मीटरमध्ये जाळीमागे ठेवले, बघण्यापुरते. खालच्या चाळीस मीटरवर बाईंचा तिसरा पर्याय चालू झाला: गळाचं वळण कापून टाकलेल्या फ्लाय, किंवा टोकाला नुसता लोकरीचा गोंडा. प्रवर्तकाने तेव्हा प्रकल्प मनातून सोडूनच दिला होता. चिलर मात्र माशांसाठी चालू ठेवावा लागत होता.

काच

यानंतरची गोष्ट कुणी ठरवून केली नाही. बाई एका विद्यार्थिनीला 'ड्रॅग' म्हणजे काय ते समजावत होत्या. फ्लाय पाण्यावर सोडली की ती पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. पण दोरी वेगाच्या धारेत असली आणि फ्लाय संथ धारेत, तर दोरी तिला ओढते. माशाला ते लगेच कळतं, माणसाला काठावरून दिसत नाही. शब्दांनी काही उलगडेना, तेव्हा बाईंनी तिला माझ्या काचेपाशी उभं केलं आणि स्वतः वरून फ्लाय सोडली.

मी तिथंच गाळ बघत होतो. काचेतून तिरकं वर पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. तळाचे गोटे त्यात उलटे लटकलेले. त्या आरशावर आधी फ्लाय दिसत नाही, तिच्या पायांचे सहा लहान खळगे दिसतात, प्रकाशाचे. शेजारून चार बुडबुडे चालले होते. खळगे आणि बुडबुडे काही क्षण बरोबर चालले, आणि मग खळगे बुडबुड्यांच्या पुढे सरकले. फार नाही, बोटभर. आरशावर त्यांच्यामागे एक बारीक रेघ उमटली. विद्यार्थिनी म्हणाली, "ती बघा, पळाली." तिने फेक न पाहता ड्रॅग ओळखला होता.

दोन दिवसांत ही बातमी कशी पसरली कोण जाणे. काचेपाशी माणसं थांबायला लागली. दोघं-दोघं यायची, एक फेकायला आणि एक बघायला. मग दगड हलवायचा खेळ सुरू झाला. मोठा दगड हातभर अलीकडे घेतला की त्यामागची संथ पट्टी आणि वेगाची धार यांची शिवण कुठं सरकते, ट्राउट तिथं का उभा राहील, फ्लाय कुठून सोडली तर शिवणीवरच वाहील. खऱ्या नदीत हा प्रयोग करता येत नाही. तिथं दगड हलत नाही आणि पाणी रोज वेगळं असतं. इथं तेच पाणी वीस वेळा मिळत होतं. ज्याला आम्ही उणीव समजत होतो तेच लोकांना हवं होतं, फक्त सरावासाठी.

बादलीवाले आजोबा तिसऱ्या आठवड्यात आले. काठी आणली नव्हती. काचेपाशी पाऊण तास हात मागे बांधून उभे राहिले, दुसऱ्यांच्या फ्लाय बघत. जाताना बाईंना म्हणाले, "चाळीस वर्षं मला वाटत होतं मासे खोडील आहेत."

कोण आले, कोण नाही

सगळ्यात नियमित आले ते स्पर्धेवाले. फ्लाय फिशिंगच्या जागतिक स्पर्धा १९८१ पासून होतात, आणि त्यांतून युरोपात एक वेगळी पद्धत रुजली: वजनदार निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीची नक्कल, आखूड फेक, दोरी जवळजवळ पाण्याबाहेर ताठ. या लोकांना मागे दहा मीटर लागतच नाहीत. दोन माणसांमधलं अंतरही कमी चालतं. आमच्या चार जागांच्या सहा झाल्या त्या यांच्या संध्याकाळी. नदी आखताना हा वर्ग आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात नव्हता.

हंगाम बंद असतानाचे महिने भरले. ज्यांना ओबडधोबड काठावर आता चालता येत नाही असे काही जण येऊ लागले. सपाट काठ, कठडा, चाकाची खुर्ची थेट पाण्यापर्यंत. ते सगळ्यांत कमी बोलायचे आणि सगळ्यांत जास्त वेळ थांबायचे.

जे एकांतासाठी नदीवर जातात ते आले नाहीत आणि येणार नाहीत. शेडमध्ये पाण्याचा आवाज घुमतो. पत्र्यावर आदळून तो इतका सपाट होतो की थोड्या वेळाने ती नदी वाटत नाही, कारखाना वाटतो. छताखाली ध्वनिशोषक फळ्या लावल्यावर सुधारणा झाली, समाधान नाही. किड्यांचंही तसंच. संध्याकाळी पाण्यावर उठणारे मेफ्लायचे थवे हा या छंदाचा अर्धा जीव. गोट्यांवर शेवाळ धरावं म्हणून आम्ही दिव्यांचा वर्णपट बदलला. शेवाळ धरलं, डासांसारख्या दिसणाऱ्या बारीक कायरोनॉमिड माशाही दिसल्या, मेफ्लाय नाही.

थंडीच्या रात्री मात्र एक गंमत व्हायची. पत्रा गार पडून त्याला आतून दव धरायचं आणि थेंब पाण्यावर पडायचे. प्रत्येक थेंबाचं वर्तुळ हुबेहूब मासा वर येऊन किडा टिपतो तसं. एकदा एक जण पंधरा मिनिटं त्या वर्तुळांवर नेमाने फेक करत होता. मी सांगितलं, तर म्हणाला, "माहीत आहे हो. पण सवय जात नाही."

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक प्रश्नाची. "तुम्ही याल का?" याला माणूस आपल्या स्वतःबद्दलच्या चित्रावरून उत्तर देतो. मुरलेल्या गरवणाऱ्याच्या त्या चित्रात शेड नसते, म्हणून तो नाही म्हणतो. "गेल्या हंगामात तुमचं नेमकं काय चुकलं, आणि तुम्ही ते कुठं सुधारता?" असं विचारलं असतं तर ड्रॅग, आखूड फेक, उलटा वारा ही उत्तरं पहिल्याच आठवड्यात आली असती. नवख्यांच्या होकाराचंही तेच. ते आले, एकदा फोटो काढला, आणि त्यांतले बरेच परत फिरकले नाहीत.

दुसरी चूक क्रमाची. मासे शेवटी यायला हवे होते, किंवा यायलाच नको होते. माशांनी तापमान ठरवलं, तापमानाने चिलर, चिलरने खर्च, आणि खर्चाने घाई. बिनमाशांच्या पाण्याला चिलर नको, जैविक गाळणी नको. साधी वाळूची गाळणी आणि पोहण्याच्या तलावासारखं निर्जंतुकीकरण पुरलं असतं. इथं बाईंचा आणि माझा अजून मतभेद आहे. त्या म्हणतात मासे पहिल्या दिवसापासून नकोच होते. मला वाटतं जाळीमागचे ते मासे नसते, तर काचेतून बघणाऱ्याला आपण कुणाच्या डोळ्याने बघतोय हे उमगलं नसतं. लोक आधी वर जाऊन माशांना दगडाआड उभं राहिलेलं बघतात, मग खाली येऊन काचेपाशी थांबतात. हा क्रम मी रोज पाहतो.

तिसरी चूक माझी. काच दीड मीटरची आहे. फ्लाय तिच्यासमोरून तीन सेकंदांत निघून जाते. सहा मीटरची काच सुरुवातीला बसवणं सोपं होतं. आता भिंत कापायची तर सगळं पाणी उपसावं लागेल आणि जाळीमागचे मासे हलवावे लागतील. आणि ते हलवायला अजूनही जागा नाही.

सध्याची स्थिती

नदी आपला रोजचा खर्च भागवते, चिलरचा नाही. तो तोटा चढाईची भिंत भरून काढते. प्रवर्तकाने स्वतः कास्टिंग शिकायला घेतलं आहे आणि आता तो आडव्या फेकीला मागची भिंत साडेआठ मीटरवर असण्याबद्दल फार कळवळून बोलतो. जुने मासे वयाने जातील तेव्हा नवे आणायचे का, यावर निर्णय झालेला नाही.

आजोबा आठवड्यातून एकदा येतात, आता काठी घेऊन. गेल्या महिन्यात त्यांची मागणी होती वाऱ्याची. आत वारा नसतो, त्यामुळे फेक खोटी सोपी होते, असं त्यांचं म्हणणं. आम्ही एक मोठा औद्योगिक पंखा चाकांवर बसवून काठावर आणला. त्यांनी तो हलवून स्वतःच्या उजव्या खांद्याच्या बाजूला लावून घेतला. उजव्या हाताने फेकणाऱ्याला सगळ्यात वाईट वारा तोच, फ्लाय थेट कानाकडे येते. पहिल्या तीन फेकी त्यांच्या टोपीत अडकल्या. चौथ्या वेळी त्यांनी काठी डाव्या खांद्यावरून तिरकी आणली, गोंडा दगडाच्या शिवणीवर पडला, आणि त्यांनी मान न वळवता विचारलं, "काचेपाशी कोण आहे? पळाली का?"